छपराला चुन्याचे दोन हात

वॉरिकच्या चढणीवर बस गिअर बदलते त्या वळणावरून बर्चलांचं छप्पर दिसतं. एरवी त्याच्याकडे कोणी वळून बघत नसे. पांढऱ्या छपरात बघायचं काय, बेटावर सगळीच छपरं पांढरी! पण हेडली बर्चलच्या बायकोला, मेल्बाला, पुरलं त्याला दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत ते छप्पर आधी पिवळट, मग हिरवट आणि शेवटी पार काळं पडलं. मग मात्र बसमधले लोक खिडकीकडे झुकून बोलायला लागले. "हेडली बर्चलचं छप्पर हे? अहो, अर्ध्या वॉरिकची छपरं त्याच माणसानं बांधलीत."

हेडलींच्या मुलीनं, वेल्डानं, हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि स्वतःचा थांबा नसताना पुढच्याच थांब्यावर उतरून गेली होती.

म्हणूनच त्या शनिवारी सकाळी ती नवऱ्याच्या गाडीतून आली ती सात रिकामे खोके आणि आरोग्य खात्याचा कागद घेऊन. बेटावर पावसाचं पाणी छपरावरून घराखालच्या टाकीत उतरतं आणि तेच वर्षभर प्यायचं; बर्चलांच्या टाकीतलं पाणी पिण्यालायक नाही, असं कागदावर लिहिलं होतं. बाबांच्या पोटानं ते कागदाच्या आधीच सांगितलं होतं. एप्रिलमध्ये तीन दिवस ते सलाइन लावून पडले होते. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला, तेही डोळ्यांनी अधू झालेल्या, या घरात एकटं ठेवायचं नाही, हे वेल्डानं तेव्हाच ठरवलं होतं. ती शाळेची मुख्याध्यापिका. एकदा ठरवलं की ती फक्त तारीख कळवत असे.

गाडी फाटकाशी थांबली. छपरावर दोन माणसं होती.

"ती तामिरा," वेल्डा म्हणाली. "आणि तो दुसरा कोण?"

ग्लेनफर्डनं, तिच्या नवऱ्यानं, हँडब्रेक ओढला. "दुसरा तुझा भाऊ आहे."

"दिसतंय मला."

"मग विचारलंस कशाला?"

बारा वर्षांत कॉल्विननं या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं. आईच्या मयतीलासुद्धा तो चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला आणि कबरीवर माती पडल्यावर कोणाशी न बोलता स्कूटरला किक मारून बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, सेंट जॉर्जेसला निघून गेला होता. आणि आज तो बाबांच्या छपरावर गुडघे टेकून तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडत होता, जणू कालच चहाला येऊन गेला होता.

"गुड मॉर्निंग आत्या!" तामिरा वरून ओरडली. कॉल्विनची चोवीस वर्षांची मुलगी, डोक्याला फडकं, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे.

"आधी खाली उतर."

"आधी गुड मॉर्निंग तर म्हण!"

"गुड मॉर्निंग. आता उतर. काय चाललंय हे?"

तामिरा शिडीच्या मधल्या पायरीपर्यंत उतरली, त्याहून खाली नाही. "सात आठवडे पाऊस नाही, आत्या. टाकी तळाला गेलीय. गुरुवारी मी आत उतरून ती घासून काढली. घमेल्यानं गाळ काढला, विचारू नकोस किती. उद्या दुपारी पाऊस आहे, रेडिओवर सकाळपासून सांगतायत. आज छप्पर घासून चुना लावला की उद्याचं पाणी स्वच्छ टाकीत, स्वच्छ छपरावरून."

"आणि तुझ्या बापाला कोणी बोलावलं?"

"मी. माझ्या रंगकामाच्या टोळीतले सगळे दुसऱ्या कामावर आहेत. आणि आजोबांच्या छपराचा उतार एकटीला झेपणारा नाही."

कॉल्विन वर उभा राहिला. केस पांढरे झाले होते त्याचे. वेल्डाला ते मयतीच्या दिवशी दिसलेच नव्हते.

"बरी आहेस ताई?"

वेल्डा बरी आहे म्हणणार होती. पण तोंडातून वेगळंच गेलं. "या वेळी तरी टाकीच्या तोंडाला बोळा घातलास ना?"

तामिरानं डोळे मिटले. ग्लेनफर्ड माशांची पिशवी घेऊन स्वयंपाकघराकडे नाहीसा झाला. कॉल्विन वाकून पुन्हा ब्रश चालवायला लागला.

हेडली अंगणातल्या पिंपाजवळ खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या डोळ्यांत मधोमध एक धुकट डाग होता. समोरच्याचा चेहरा त्यांना दिसत नसे, कडेकडेचं दिसे. म्हणून मुलीशी बोलताना ते तिच्या खांद्याकडे बघत.

"वेल्डा, खोके आणलेत म्हणे तू."

"हो. उद्या चर्चनंतर तुम्ही माझ्याकडे येताय, बाबा. खोली तयार आहे."

"छप्पर झालं तर?"

"संध्याकाळपर्यंत ते झालं, आणि मला पटेल असं झालं, तर पुन्हा बोलू. नाही झालं तर एक शब्दही ऐकणार नाही."

"ठीक," हेडली म्हणाले. "खोके गाडीतच राहू देत तोवर."

*

कॉल्विनला वाटलं होतं, हात विसरले असतील. गेली बारा वर्षं तो बोटींना रंग देत होता. या बाजूला कोणी त्याला छपराचं काम देईना, म्हणून. पण छपरावर पायऱ्यांसारख्या चढत्या रचलेल्या दगडी फरशांच्या पहिल्या दोन पायऱ्या घासून झाल्या आणि हातांना सगळं आठवलं. फरशीच्या सांध्यात ब्रश आडवा धरायचा, कडेच्या बांधाला बोटांनी चाचपायचं, पोकळ आवाज आला तर तिथं खूण करायची. काळ्या बुरशीखालून बाबांनी चाळीस वर्षांपूर्वी बसवलेला दगड वर यायला लागला. एक फरशी हललेली नव्हती. भेगा मात्र होत्या, तीन. त्यानं त्या सिमेंटनं भरल्या.

धुवायला पाणी हवं होतं आणि घरच्या टाकीत बादलीभरसुद्धा नव्हतं. तामिरा शेजारी मिस यूलांकडे गेली होती. शहाऐंशी वर्षांच्या मिस यूलांनी कन्हेरीच्या कुंपणावरून रबरी नळी दिली आणि पंप सुरू केला. एवढ्या दुष्काळात स्वतःच्या टाकीतलं पाणी!

"पण सांग त्यांना," मिस यूलांनी तामिराला बजावलं होतं, "मी हे हेडलीला देतेय. त्या दुसऱ्याला नाही."

तामिरानं हे वडिलांना सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. कुंपणापलीकडून येणारा आवाज कॉल्विनला स्पष्ट ऐकू आला होता. सकाळी फाटकातून येताना त्यानं मिस यूलांना गुड मॉर्निंग म्हटलं होतं आणि त्या कपड्यांच्या चिमट्यांकडे बघत राहिल्या होत्या. या बेटावर अनोळखी माणूस बसमध्ये चढताना अख्ख्या बसला गुड मॉर्निंग म्हणतो.

अकरा वाजता दुसरंच भांडण निघालं. तामिरानं स्कूटरवरून तयार रंगाचे दोन डबे आणले होते. झटपट वाळणारा, पाच वर्षांची खात्री.

"चुना नको आजोबा. विरवा, गाळा, दोन हात द्या, परत दोन वर्षांनी तेच. कोण करतं हल्ली?"

"तामिराचं बरोबर आहे," वेल्डा खालून म्हणाली. भाचीचं काही बरोबर आहे असं तिनं त्या दिवशी पहिल्यांदाच कबूल केलं. "लवकर वाळेल तेच लावा."

"चुन्यावर रंग धरत नाही," हेडली म्हणाले.

"चुन्यावर रंग धरत नाही," छपरावरून कॉल्विन म्हणाला. दोघांचं एकाच वेळी निघालं.

कॉल्विनलाच हसू फुटायला आलं, त्यानं ते दाबलं. "खाली चाळीस वर्षांचा चुना आहे, तामिरा. वर रंग फासलास तर पहिल्या उन्हात पापुद्रे सुटतील आणि थेट टाकीत जातील."

"बघ," हेडली वेल्डाच्या खांद्याला म्हणाले.

"अच्छा," तामिरानं डबे बाजूला सरकवले. "आता तुम्ही दोघं एक झालात का? आत्या, आपली टोळी हरली."

"मी कुठल्याच टोळीत नाही," वेल्डा म्हणाली, पण कळीचा चुना पिंपात ओतला आणि पाणी रटरटून उकळायला लागलं तेव्हा बाबांची खुर्ची मागे ओढायला तीच धावली. हे काम पूर्वी आईचं होतं. लांब काठीनं ढवळत मेल्बा मोठमोठ्यानं चर्चची गाणी म्हणायची आणि मध्येच थांबून "मागे व्हा रे पोरांनो!" ओरडायची. वेल्डानं काठी उचलली. गाणं काही तिला सुचलं नाही.

*

दुपारी तीनच्या सुमाराला चुन्याचा पहिला हात निम्मा झाला. स्वयंपाकघरातून तळलेल्या माशांचा वास येत होता. हेडली पिंपाजवळ बसून नुसतं ऐकत होते. कुंचा दगडावर ओला फिरतो त्याचा एक आवाज असतो. दोन कुंचे चालू होते. एक भरभर, घाईचा, तो पोरीचा. दुसरा लांब आणि सावकाश, कडेला आला की किंचित थांबणारा. तो थांबा हेडलींनी स्वतःच शिकवला होता, मुलाच्या नवव्या वर्षी, मागून मनगट धरून.

तामिरा नवी बादली भरायला खाली आली होती. वर चढता चढता तिनं विचारलं, "पप्पा, आता समुद्राकडची बाजू. त्या बाजूच्या तोंडाला बोळा घातला?"

"घातलाय," कॉल्विन म्हणाला. "तू वर चढ."

हेडलींनी मान आवाजाकडे वळवली.

हेच शब्द. अक्षरन् अक्षर हेच. फक्त तेव्हा विचारणारा कॉल्विन होता आणि सांगणारे ते स्वतः. मिस यूलांचं छप्पर, जुलै महिना, असाच कोरडा. घातलाय, तू वर चढ. ते बोळा घालायला निघालेच होते. हातात तो होताही. इतक्यात रस्त्यावरून पाळकसाहेबांनी हाक मारली, नव्या बाकांबद्दल काहीतरी विचारलं, आणि हेडली कुंपणाशी बोलत उभे राहिले. कामं आटोपून बापलेक घरी गेले. त्याच रात्री पाऊस आला आणि ओला चुना धुपून मिस यूलांच्या टाकीत उतरला. अख्खी टाकी दुधासारखी पांढरी. ऐन कोरड्यात ती उपसून टाकावी लागली. त्या वयात मिस यूलांनी सहा आठवडे बादल्यांनी पाणी वाहिलं.

पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर, त्या म्हणाल्या होत्या, "हेडली, तुझ्या पोरानं माझं पाणी नासवलं."

हेडली तेव्हा चर्चच्या पंचांत होते. अर्ध्या वॉरिकची छपरं त्यांच्या हातची. त्यांनी पोराचं नाव घेतलं नाही. खोटं असं ते काहीच बोलले नाहीत. ते गप्प राहिले, एवढंच. पुढचं सगळं लोकांनी केलं.

त्याच आठवड्यात त्यांनी मेल्बाला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "हे मला नको, त्याला सांगा." मग ती वाट बघत राहिली. दुसऱ्यांदा तिनं विषय काढला नाही, आणि वाट बघता बघताच गेली.

हेडली उठले आणि शिडी चाचपायला लागले.

"बाबा!" वेल्डाच्या हातून काठी पडली. "कुठं निघालात? बसा खाली!"

"बोळा बघायचाय मला."

"अहो, दिसत नाही तुम्हाला!"

"हातानं बघतो."

त्यांचा पाय पायरीवर पडला सुद्धा. चाळीस वर्षं रोज चढलेला पाय होता तो, त्याला डोळ्यांची गरज नव्हती. वेल्डानं मागून त्यांचा पट्टा धरला, वरून कॉल्विननं दंड धरला, आणि दोघांच्या मध्ये, एकाची शिवी आणि एकीची प्रार्थना ऐकत, हेडली बर्चल दोन वर्षांनी आपल्या छपरावर पोचले. कडेच्या बांधाला धरून ते बसत बसत कोपऱ्यापर्यंत सरकले. टाकीच्या नळाच्या तोंडात हात घातला. कापडाचा घट्ट बोळा, वर प्लास्टिक गुंडाळलेलं, वरून सुतळी. त्यांनी दोनदा दाबून पाहिला.

"घातलाय," ते म्हणाले.

"सांगितलं ना मी," कॉल्विन म्हणाला.

"हो. तू सांगितलंस तेव्हा तो घातलेला होता."

मग ते सरकत छपराच्या कण्यापर्यंत वर गेले आणि पलीकडच्या अंगणाकडे तोंड करून बसले. नजरेच्या कडेला त्यांना पांढरं काहीतरी हलताना दिसलं. मिस यूला चादरी काढत होत्या.

"मिस यूला!"

"काय रे? पाणी कमी पडलं का?"

"पाणी पुरे. तुमच्या टाकीचं बोलायचंय. बारा वर्षांपूर्वीचं."

चादर हलायची थांबली.

"बोळा मी घालायचा होता. कॉल्विननं मला विचारलं होतं. मी म्हटलं, घातलाय. घातला नव्हता. विसरलो. तुम्ही चर्चमध्ये बोललात तेव्हा मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो."

"मोठ्यानं बोल," मिस यूला म्हणाल्या. ऐकू आलं नव्हतं, असं नाही.

हेडलींनी श्वास घेतला आणि सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. छपरावर बसलेल्या माणसाचा आवाज लांब जातो. समोरच्या घरात गवत कापायचं यंत्र बंद झालं. गल्लीच्या तोंडाशी कोणाची तरी स्कूटर थांबली.

"बारा वर्षं!" मिस यूलांचा आवाज चिरकला. "बारा वर्षं मी त्या पोराला गुड मॉर्निंग म्हटलेलं नाही, हेडली! त्याची आई गेली त्या दिवशीसुद्धा नाही! तू हे माझ्याकडून करून घेतलंस!"

"हो," हेडली म्हणाले.

त्यांच्यामागे कुंचा बादलीत पडल्याचा आवाज झाला.

"हे आधी मला सांगायचंत," कॉल्विन म्हणाला. तो ओरडला नाही. "त्यांना नंतर."

"तुला तर माहीतच होतं."

"मला माहीत होतं, बाबा. तुम्हाला माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही विसरलात. तुम्हाला खरंच वाटतंय की मीच चुकलो. मी म्हणायचो, बापाला तसं वाटतंय त्याला कोण काय करणार, मनातून तो खरा आहे. त्याच्यावर बारा वर्षं काढली मी."

हेडलींनी मान वळवली, पण वळवल्यावर चेहऱ्याच्या जागी तो धुकट डागच होता. कडेला फक्त मुलाचे हात दिसले, कोपरापर्यंत पांढरे. मग तेही शिडीवरून खाली गेले.

*

शिडीच्या पायथ्याशी वेल्डा उभी होती.

"तू बोलला का नाहीस?" तिनं विचारलं. "एकदा तरी?"

"कोणाला? तुला?" कॉल्विन म्हणाला. "तू कधी विचारलंस?"

तो फाटकातून बाहेर पडला. वेल्डा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. सकाळचं स्वतःचं वाक्य तिला आठवलं, आणि ते ज्या आवाजात काढलं होतं तो आवाजही. शाळेत एखाद्या मुलाला सगळ्या वर्गासमोर उभं करणाऱ्या मास्तरणीला ती आपल्या खोलीत बोलावून चांगली खडसावत असे.

"आत्या," तामिरा वरून म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कामाचा होता. "पिंपातला चुना खाली बसतोय. निम्मा हात राहिलाय. आत्ता नाही लावला तर सगळं छप्पर ठिगळासारखं वाळेल."

"ग्लेनफर्डला हाक मार."

"काकांचं वजन बघितलंस?"

"ऐकलं हं मी!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

वेल्डानं सँडल काढल्या, स्कर्ट खोचला आणि शिडी चढली. पन्नाशी ओलांडून चार वर्षं झाली होती, या घरात लहानाची मोठी झाली होती, आणि या छपरावर ती आज पहिल्यांदा उभी राहिली. समुद्र इतका जवळ आहे हे तिला माहीतच नव्हतं. कड्यांवरून लांब शेपटाचे पांढरे पक्षी घिरट्या घालत होते. खाली बघायचं नाही असं ठरवून तिनं कॉल्विनचा कुंचा उचलला.

"लांब हात मार, आत्या. लांब. फळ्यावर तारीख लिहितेयस का?"

"तू गप्प बस आणि बादली सरकव."

छपराच्या कण्याशी हेडली बसून होते. ते चढले होते, पण आता उतरणं त्यांना एकट्याला जमणारं नव्हतं, आणि मदत मागण्याची ही वेळ नव्हती हे त्यांनाही कळत होतं. वेल्डा त्यांच्याजवळून चुना लावत गेली. ती त्यांच्याशी बोलली नाही. पण कोपरानं त्यांची टोपी पडली तेव्हा थांबून ती नीट त्यांच्या डोक्यावर बसवली.

कॉल्विन गल्लीत स्कूटरपर्यंत गेला होता. किल्ली खिशात होती. चुन्यानं माखलेल्या हातांनी ती निघेना. हात कशाला पुसावेत ते बघत तो उभा असताना शेजारचं फाटक करकरलं. मिस यूला काठी टेकत बाहेर आल्या आणि त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. चर्चला जाताना घालतात ती हॅट त्यांनी घातली होती. आत जाऊन मुद्दाम घालून आल्या होत्या.

"गुड मॉर्निंग, कॉल्विन," त्या म्हणाल्या.

"दुपारचे चार वाजलेत, मिस यूला."

"मला घड्याळ कळतं. गुड मॉर्निंग."

कॉल्विननं हात तसेच पँटला पुसले.

"गुड मॉर्निंग, मिस यूला."

"हं." त्यांनी काठीनं वर दाखवलं. "आता जा. तुझी बहीण छप्पर नासवतेय, मला इथून दिसतंय. तुझ्या बापावर राग धर, हवा तितका धर, मीही धरणार आहे. पण पाणी माझ्या टाकीतलं वापरलंय तुम्ही, ते वाया घालवू नका."

कॉल्विननं वर पाहिलं. वेल्डाचा कुंचा खरोखरच आडवातिडवा फिरत होता.

तो परत आला. शिडी चढला, काही न बोलता बहिणीच्या हातातून कुंचा घेतला आणि तिनं केलेला सगळा पट्टा नव्यानं ओढला. वेल्डा बाजूला झाली.

"सकाळी मी जे बोलले—" तिनं सुरुवात केली.

"नंतर, ताई. आत्ता बादली दे."

तिनं बादली दिली. पुढचे दोन तास ती बादल्या देत राहिली. खालून ग्लेनफर्ड दोरीनं वर चढवत होता, मधूनच कागदात गुंडाळलेली मनुकांच्या पावातली माशाची सँडविचं आणि जिंजर बिअर. दुसरा हात चालू झाला. कॉल्विन पायरी पायरीनं वर सरकत कण्याशी आला.

"पाय उचला," तो वडिलांना म्हणाला.

हेडलींनी पाय उचलले. खालची फरशी पांढरी झाली.

"तिकडे सरका."

हेडली सरकले. "कॉल्विन—"

"आज नाही, बाबा. आज चुना लावू दे."

ऊन कलायच्या आत छप्पर झालं. कॉल्विननं वडिलांना पाठीशी घेऊन एकेक पायरी उतरवलं. त्यांचा पाय कुठं पडायचा ते तो स्वतःच्या हातानं धरून ठेवत होता. खाली उतरल्यावर वेल्डा रस्त्यापर्यंत चालत गेली, बस दिसते त्या वळणापर्यंत, आणि तिथून बघून परत आली.

"मागची खोली तामिराला द्या," ती म्हणाली. "ती भाड्याच्या खोलीत कशाला राहते? टाकीचं ती बघेल. तुमच्या औषधांचं मी बघेन. रोज फोन करीन, आणि उचलला नाहीत तर येईन."

"मला कोणी विचारलं?" तामिरा म्हणाली.

"नको आहे?"

"हवीय की! पण विचारायला काय जातं?"

*

रविवारी तीन वाजता पाऊस आला. आधी समुद्रावर करडी भिंत दिसली, मग कन्हेरी हलली, आणि मग एकदम सगळीकडे आवाज झाला. सगळे ओसरीवर उभे होते. कॉल्विनही. सकाळी तो स्वतःहून चर्चला आला होता, आणि पायऱ्यांवर अकरा जणांनी गुड मॉर्निंग म्हणत त्याच्याशी हात मिळवला होता. हेडलींनी ते दुरून ऐकलं होतं.

छपराच्या पायऱ्यांवरून पाणी उतरलं, बांधाच्या कडेकडेनं धावलं आणि मोकळ्या सोडलेल्या नळातून गवतावर पडायला लागलं. पांढरं, ताकासारखं. नव्या चुन्याचं पहिलं पाणी टाकीत घ्यायचं नसतं. पण सात आठवडे वाट पाहिलेला पाऊस असा गवतात जाताना बघणं कठीण होतं. तामिरा तर ओठ चावत होती.

"आणखी किती वेळ?" ग्लेनफर्डनं विचारलं.

"वेल्डा सांगेल," हेडली म्हणाले.

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"पाण्याचा कागद तू आणलास. तूच बघ."

वेल्डा पावसात गेली. काचेचा पेला नळाखाली धरून उजेडाकडे केला, ओतून दिला. पाच मिनिटांनी परत धरला, परत ओतला. ती चिंब भिजली होती, केसांची सगळी रचना बिघडली होती आणि तिला त्याचं भान नव्हतं. चौथ्यांदा तिनं पेला बराच वेळ डोळ्यांसमोर धरला. मग भावाकडे वळली.

"कॉल्विन. सोड आता."

बारा वर्षांत तिनं त्याला नावानं हाक मारली ती ही पहिली. कॉल्विन शिडी चढला आणि सुतळी ओढून टाकीच्या तोंडातला बोळा काढला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग स्वयंपाकघराच्या फरशीखालून, रिकाम्या टाकीच्या तळातून, पाणी पडल्याचा आवाज आला. पोकळ, खोल, घुमणारा. तो ऐकायला सगळे आत येऊन उभे राहिले. हेडली भिंतीला हात लावून उभे होते. भिंतीतूनही तो आवाज येत होता.

कॉल्विन ओला होऊन आत आला. तामिरानं त्याच्या अंगावर टॉवेल टाकला.

"बुधवारी येशील?" हेडलींनी विचारलं. ते त्याच्या खांद्याकडे बघत होते.

"बुधवारी काय आहे?"

"काही नाही."

कॉल्विननं तोंड पुसलं. खालचा आवाज आता बदलत चालला होता. पाणी पाण्यावर पडायला लागलं होतं.

"कामावरून सुटायला मला पाच होतात," तो म्हणाला. "मग तिकडून स्कूटरनं यायचं. सहापर्यंत जेवायला थांबाल?"

"थांबू," हेडली म्हणाले.